रुक्मिणी (नाव)

रुक्मिणी हे संस्कृतोद्भव स्त्रीनाम आहे. विदर्भराज भीष्मकाची कन्या व श्रीकृष्णाची पत्नी रुक्मिणी हिच्यामुळे ते रूढ झाले. तिचे माहेर कौंडिण्यपूर हे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असल्याचे मानले जाते. त्यामुळे वऱ्हाडात या नावाला विशेष जिव्हाळ्याचे स्थान आहे.

व्युत्पत्ती
'रुक्म' म्हणजे सोने. 'रुक्मिणी' म्हणजे सुवर्णालंकारांनी युक्त स्त्री. तिच्या भावाचे 'रुक्मी' हे नावही याच शब्दापासून बनले आहे.

विविध भाषांतील रूपे
मराठीत रखुमाई, रखमा, रखमाबाई, रुखमा ही रूपे आढळतात. 'रखमाजी' हे पुरुषनामही त्यांच्याशी निगडित आहे. हिंदी व तमिळ भाषिकांत 'रुक्मणी', तर गुजरातीत 'रुक्ष्मणी' असेही म्हणतात. कृष्णकथेबरोबर हे नाव जावा बेटावर पोहोचले. इंडोनेशियातील स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या कार्तिनी यांच्या एका बहिणीचे नाव रुक्मिनी होते.

साहित्यात
शिशुपालाशी ठरविलेला विवाह नाकारून रुक्मिणीने स्वतः कृष्णाला निरोप धाडला. या कथेवर महानुभाव कवी नरेंद्र व संत एकनाथ (१५७१) यांनी 'रुक्मिणीस्वयंवर' रचले.

उल्लेखनीय व्यक्ती
• डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) : बालपणी लावून दिलेला विवाह मान्य करण्यास नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जाण्याचा आदेश देताच त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. या खटल्यावरील चर्चेचा १८९१ च्या संमतिवय कायद्यावर प्रभाव पडला. पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे वैद्यकीय सेवा केली.
• रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४–१९८६) : भरतनाट्यम नर्तकी, 'कलाक्षेत्र' संस्थेच्या संस्थापक.