‘हुज्जत’ म्हणजे मुळात पुरावा

१/ ‘उगाच हुज्जत घालू नकोस’ हे वाक्य ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. मात्र ‘हुज्जत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ भांडण नव्हे, तर पुरावा. भांडणासाठी आज सर्रास वापरले जाणारे कित्येक शब्द एकेकाळी न्यायसभेतील भारदस्त शब्द होते.

२/ आदिलशाहीत वाई हे परगण्याचे ठिकाण होते. कचेरीच्या भाषेवर फारसीचा दाट पगडा होता. पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनावरून वाद उभा राहिला की सभा भरे, साक्षी होत आणि निर्णय ‘महजर’ नावाच्या कागदात नोंदवला जाई. कचेरीचे शब्द अशा वाटेने गावात उतरले.

३/ त्या कागदांत ‘हुज्जत’ हा दाव्याचा आधार असे. ‘कज्जा’ म्हणजे निवाड्यासाठी आलेले प्रकरण. ‘काझी’ हा शब्दही त्याच मुळातला. ‘तकरार’ म्हणजे मुळात पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. हा शब्द अर्थाने फारसा दूर गेलाच नाही!

४/ शब्दांची पत का घसरली? न्याय महाग होता. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. शिवाय हरल्याची कबुली देणारे ‘यजितखत’ लिहून द्यायचे. तरीही वतनाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत. पाहणाऱ्यांच्या लेखी पुरावा आणि कटकट यांतील अंतर पुसट झाले असल्यास नवल नाही. ‘कज्जेदलाल’ ही तर शिवीच ठरली.

५/ संस्कृत शब्दांचीही हीच गत. न्यायशास्त्रात सत्यशोधनासाठी चालतो तो ‘वाद’, केवळ जिंकण्यासाठी तो ‘जल्प’, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन ती ‘वितंडा’. बोलीत ‘जल्प’ हरवला आणि ‘वाद’ भांडणाच्या पंगतीत जाऊन बसला.

६/ उलटा प्रवासही झाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोश’ हाती घेतला. १९३७ मध्ये त्याचे प्रकाशन सुरू झाले ते ‘व्यवहारकांडा’ने. हा व्यवहार देवघेवीचा नव्हे. धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे खटला. तंट्याचा हा शब्द आज बाजारात शांतपणे नांदतो आहे.

७/ ‘हुज्जती’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही. आज पुरावा मागणाऱ्यालाच ‘हुज्जत घालतोस’ म्हणून गप्प बसवले जाते. जुन्या सभेत मात्र हुज्जत नसलेल्याचा दावा लंगडा पडे.