पीण्याचे कारखाने आणि आपली घरे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे असा संपादक-मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीकडेच आमचे लक्ष गेले. परंतु त्या विषयावर अधिकारी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही इतिहासाचे व्यासंगी नव्हे, बी. ए. पर्यंत शिकलेले आणि केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिता लिहिता केस पिकलेले नोकरदार. म्हणून आम्ही जवळचाच इतिहास निवडला. तुमकूर रस्त्यावरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र साधारण आपल्या मंडळाच्याच वयाचे आहे. या अर्धशतकात आपले घर, आपला बाजारहाट आणि आपला शेजार कसा पालटत गेला, हे त्याच्या आधाराने चांगले पाहता येते.

कारखाना आणि वस्ती यांचा संबंध मराठी माणसाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्याच्याभोवती कामगारांची घरेही वसवली. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होत आणि १९२० पासून मासिकही निघू लागले. पुढे १९४० साली वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला. १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी येथे विजेच्या यंत्रांचा उद्योग सुरू केला. स्वातंत्र्यानंतर एच. एम. टी. (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे सरकारी उद्योग जालहळ्ळी भागात आले, आणि त्यांच्या वसाहतीही वसल्या. वसाहतीतील जीवन कसे होते, हे मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. कारखान्याचा भोंगा हेच सर्वांचे घड्याळ असे. एकाच्या घरी ट्रंक कॉल आला की निरोप चार घरी पोहोचे.

पीण्याची घडण मात्र निराळी. १९६६ साली स्थापन झालेल्या राज्याच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने भूखंड पाडले, लहान उद्योजकांसाठी शेड बांधल्या गेल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात येथे लेथची घरघर सुरू झाली. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग करून देणे, हा येथील कित्येक लहान उद्योगांचा व्यवसाय. येथे शेड होत्या, पण त्यांच्या जोडीला वसाहत नव्हती. काम करणाऱ्यांनी दासरहळ्ळी, लग्गेरे अशा आसपासच्या खेड्यांत भाड्याच्या खोल्या घेतल्या, आणि पाहता पाहता ती खेडी शहर होऊन गेली. किर्लोस्करवाडीत कारखान्याने गाव वसवले होते. पीण्यात माणसांनी आपापले गाव स्वतःच शोधले. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला.

याच पत्र्याच्या शेडमध्ये एक थोर कार्य घडले, त्याचे स्मरण येथे केलेच पाहिजे. प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांनी भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' पीण्यातच तयार केला. १९ एप्रिल १९७५ रोजी तो रशियातून अवकाशात गेला. त्यानंतर १९८१ साली 'अ‍ॅपल' हा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह आणि १९९२ साली देशात बांधलेला 'इन्सॅट-२ए' झाला. उपग्रहांमुळे दूरचित्रवाणी खेडोपाडी पोहोचली आणि दिवाणखान्यातील खुर्च्यांची तोंडे फिरली. पूर्वी संध्याकाळी एकमेकांकडे पाहून बोलणारी माणसे पेटीकडे पाहू लागली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्याचे नियंत्रणही पीण्यातील केंद्रातूनच झाले. आणि त्या संध्याकाळी मात्र कित्येक दिवसांनी आमच्या इमारतीतील सारी मंडळी एकाच पडद्यापुढे जमली!

घड्याळाची कथाही तशीच. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.ने १९६१ साली बंगळुरात मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला. आम्ही दहावी उत्तीर्ण झालो तेव्हा वडिलांनी दिलेले एच. एम. टी. अजून आमच्या कपाटात आहे. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागे, आणि बिघडले की कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे न्यावे लागे. पुढे बॅटरीवरची घड्याळे लोकप्रिय झाली. होसूरच्या टायटनने १९८७ पासून बाजार काबीज केला. आणि जानेवारी २०१६ मध्ये एच. एम. टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. आता वेळ फोनवर दिसते. घड्याळजीचे दुकानही गेले, आणि त्याच्या बाकावर बसून होणाऱ्या गप्पाही गेल्या.

बाजाराचे रूपांतर तर आपल्या डोळ्यांदेखत झाले. २००३ साली यशवंतपूरला मेट्रो कॅश अँड कॅरीचे भारतातील पहिले घाऊक भांडार निघाले. मल्लेश्वरम व राजाजीनगर यांच्या सीमेवर जेथे किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता, तेथे आज ब्रिगेड गेटवे आणि ओरायन मॉल आहे. जेथे वस्तू घडत, तेथे आता वस्तू विकत मिळतात. १ मार्च २०१४ रोजी मेट्रो रेल्वे पीण्यापर्यंत आली, आणि जून २०२२ मध्ये पुढच्या नागसंद्र स्थानकाजवळ आयकिया हे स्वीडिश फर्निचरचे अवाढव्य दुकान उघडले. बंगळुरातच निघालेल्या फ्लिपकार्ट (२००७) आणि बिगबास्केट (२०११) यांनी तर दुकानच घरी आणले.

याचा आपल्या मंडळाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. आमची बंगळुरास बदली झाली तेव्हा गोडा मसाला, मेतकूट, आमसुले यांसाठी मंडळाचाच आधार होता. कोणी पुण्या-मुंबईस निघाले की दहा घरांच्या याद्या त्याच्या हाती पडत. ग्रंथालयात दिवाळी अंकांसाठी नंबर लावावे लागत. आज मेतकूट दोन दिवसांत दाराशी येते, अंक फोनवर वाचता येतो. सोय झाली, तिला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु गरजेपोटी होणाऱ्या भेटी संपल्या, आणि आपण मात्र त्या भेटींना केवळ स्नेह समजत आलो होतो, हे आता उमगते.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. किराणा घेऊन आलेल्या तरुणाने दारातून भिंतीवरचे कालनिर्णय पाहिले आणि विचारले, "काका, मराठी काय ओ तुम्ही?" तो खानापूर तालुक्यातला, आय. टी. आय. करून पीण्यातील एका कारखान्यात लेथवर होता. संगणकावर चालणारी यंत्रे आली, माणसे कमी झाली, आणि हा दुचाकीवरून घरोघर सामान पोहोचवू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी चहाला थांबवले, पण पुढच्या घराची वेळ झाली होती. उभ्यानेच पाणी पिऊन तो निघाला. दासरहळ्ळीत चार वर्षे राहूनही आपल्या मंडळाचे नाव त्याने ऐकले नव्हते.

दोष त्याचा नव्हे, आमचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मुले पीण्यात कामाला येतच होती. परंतु आपले मंडळ वसाहतींतल्या व कचेऱ्यांतल्या मंडळींचे राहिले. त्यांच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत आपण कधी गेलोच नाही. मसाल्यासाठी आपणाला मंडळ आता लागत नाही. पण परगावी आपल्या भाषेत चार शब्द बोलावयास माणूस लागतो, ही गरज कोणतेही यंत्र घरपोच करीत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढेच सुचवावेसे वाटते: ग्रंथालयाची एक पेटी महिन्यातून एका रविवारी दासरहळ्ळीस जावी, आणि येत्या गणेशोत्सवाचे आमंत्रण पीण्यातील शेडशेडमधून द्यावे. त्या तरुणाचा फोन क्रमांक आम्ही लिहून घेतला आहे. आरंभ त्याच्यापासूनच करण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनी साथ द्यावी, ही विनंती.