वेशछायाचित्रण

वेशछायाचित्रण : अंगावर नेसलेल्या वा घातलेल्या वस्त्रांचा पोत, रंग, बेतणी आणि पडण्याची ढब पाहणाऱ्यास यथार्थपणे कळावी या हेतूने केलेले छायाचित्रण. व्यक्तिचित्रात मुद्रा प्रधान आणि वस्त्र तिचे उपांग असते. येथे हा अनुक्रम उलटतो, आणि ज्याच्या मनात तो पक्का ठसलेला नाही त्याची चित्रे, चेहरा कितीही प्रसन्न उमटला असला तरी, वेशाविषयी मौनच पाळतात.

मुंबईत या प्रकाराचा आरंभ फार लवकर झाला. १८५४ साली स्थापन झालेल्या बाँबे फोटोग्राफिक सोसायटीच्या आद्य सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने त्या शहरातील नाना जातीजमातींचे पेहराव टिपून १८६३ ते १८६६ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांत माणसे आणि त्यांच्या पाठीमागचे देखावे स्वतंत्रपणे टिपून मागाहून त्यांची जुळणी केलेली आढळते. नेसण्याच्या व बांधण्याच्या पद्धतींचा दस्तऐवज म्हणून या चित्रांचे मोल मोठे आहे. मात्र तत्कालीन कलोडियन काचपट्टी निळ्या प्रकाशास तत्काळ आणि तांबड्या प्रकाशास जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसल्याने, तांबडे वस्त्र तीवर काळेभोर आणि निळे वस्त्र फिकट उमटे, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या चित्रांवरून रंगांचा अंदाज बांधू नये. पुढे १९११ साली एडवर्ड स्टायकेन याने पॅरिसमध्ये पॉल प्वारेच्या पोशाखांना कलाचित्राची प्रतिष्ठा दिली, तर मार्टिन मुंकाची याने १९३३ साली सागरतीरावर धावणारी तरुणी टिपून वेशचित्रात गती आणली. वेशाकडे निर्भेळ दृष्टीने पाहण्याचा आदर्श मात्र न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सायकलीने हिंडणारा बिल कनिंगहॅम (मृत्यू २०१६) हाच मानावा लागेल. पूर्वाश्रमी टोप्या घडवणाऱ्या या गृहस्थाने १९७८ साली एका स्त्रीच्या कोटाची खांद्यावरील बेतणी मनात भरली म्हणून तिचे छायाचित्र घेतले. ती ग्रेटा गार्बो ही विख्यात नटी होती, हे त्याला मागाहून कळले.

प्रकाशाची निवड हा या कलेचा अव्वल भाग होय. भर दुपारचे ऊन निऱ्यांच्या कडांवर पांढरे चट्टे आणि घड्यांत काळोख निर्माण करते. याउलट उत्तराभिमुख ओसरी, इमारतीची मोकळी सावली किंवा मळभ आलेले आकाश यांचा सौम्य प्रकाश रंगाला न्याय देतो. परंतु सौम्यतेचाही अतिरेक होतो, कारण समोरून सर्वत्र सारखा पडणारा प्रकाश विणीचा उठाव पुसून टाकतो. खणाच्या चोळीवरील बारीक बुट्टी बाजूने तिरक्या आलेल्या प्रकाशातच उठून दिसते, आणि ताणा एका व बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव पैठणीचा रंग तर पाहण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून तिचे एकच चित्र कितीही उत्तम असले तरी अपुरे ठरते. हिरवळीवर वा रंगीत भिंतीलगत उभे राहिल्यास त्या रंगाची झाक शुभ्र वस्त्रावर चढते, हेही नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

कॅमेऱ्याचे प्रकाशमापन दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. त्यामुळे चौकट व्यापणारे पांढरे धोतर मळकट आणि काळी चंद्रकळा विटकी दिसते. पहिल्या प्रसंगी प्रकाश सुमारे एका स्टॉपने वाढवावा, दुसऱ्या प्रसंगी तितकाच घटवावा. गडद तांबड्या लुगड्याच्या बाबतीत डिजिटल कॅमेऱ्याची तांबड्या रंगाची नोंद इतर रंगांच्या आधी कमाल मर्यादा गाठते आणि निऱ्या एकमेकींत मिसळून सपाट पट्टा उरतो, म्हणून तेथेही प्रकाश किंचित कमी ठेवणे इष्ट. बारीक चौकड्यांच्या कापडावर कधी कधी मूळ विणीत नसलेल्या लाटा उमटतात. अंतर थोडे बदलल्यास त्या बहुधा नाहीशा होतात.

मोबाइलचे मुख्य भिंग बहुधा विस्तृत कोनाचे असल्याने ते जवळून आणि डोळ्यांच्या उंचीवरून वापरले असता मस्तक थोर व पाय आखूड दिसतात, आणि वस्त्राची प्रमाणे बिघडतात. ३६ × २४ मिमी. चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिमी. नाभ्यंतराचे भिंग लावून, चार-पाच मीटर मागे सरून, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरावा. मोबाइल असल्यास दुप्पट मोठे दाखवणारे भिंग निवडून तितकेच मागे व्हावे. चित्र घेणारे दुसरे कोणी नसल्यास ट्रायपॉड आणि दहा सेकंदांचा टायमर पुरतो. पावले चौकटीत पूर्ण यावीत, कारण वस्त्राचा घोळ कोठे संपतो हे त्यांच्यावाचून कळत नाही. नऊवारीचा काष्टा पाठीमागूनच दिसतो. तेव्हा केवळ समोरून घेतलेले चित्र त्या नेसणीचा अर्धाच तपशील देते. चालताना घेतलेल्या चित्रासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद वा अधिक ठेवावा.

सर्वांगाच्या चित्रांबरोबर काठ, पदर, शिवण आणि गुंड्या यांची निकट चित्रे घ्यावीत, आणि वस्त्राचा प्रकार, विणकामाचे ठिकाण, लांबी व खरेदीचे वर्ष यांची नोंद चित्रासोबत त्याच दिवशी करावी.