सहा ग्लास आणि एक बिल्ला

आता एक गंमत पाहा. 'सोमेलिए' म्हटलं की सूटबूट घातलेला, छातीवर बिल्ला लावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द होता ओझ्याची जनावरं हाकणाऱ्यासाठी! पुढे तो सरदाराघरचं सामानसुमान पाहणारा झाला, मग वाइनच्या तळघराचा कारभारी. आपल्या अठरा कारखान्यांतला आबदारखाना आठवा, साधारण तसंच. (दारूखाना नव्हे, तो बंदुकीच्या दारूचा.)

हे काम पिढ्यान्‌पिढ्या वडीलधाऱ्यांच्या हाताखालीच शिकलं जाई. परीक्षा आली विसाव्या शतकात. लंडनमध्ये १९५३ साली 'मास्टर ऑफ वाइन'ची पहिली परीक्षा झाली. २१ जण बसले, ६ पास झाले. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण ही परीक्षा मुळात व्यापाऱ्यांसाठी. टेबलाशी उभं राहून बाटली उघडणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी लंडनमध्येच १९६९ साली 'मास्टर सोमेलिए'ची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ साली 'कोर्ट ऑफ मास्टर सोमेलियर्स' ही संस्था उभी राहिली.

परीक्षेचे भाग तीन: तोंडी प्रश्न, प्रत्यक्ष सेवा आणि चव. चवीच्या भागात सहा ग्लास, २५ मिनिटं. लेबल नाही. रंग, वास, आंबटपणा यांवरून द्राक्षाची जात, प्रदेश, साल सांगायचं, तेही परीक्षकांसमोर मोठ्याने बोलत. लोक यासाठी वर्षानुवर्षं घालवतात.

या साऱ्याचा पाया काय? ग्लासात काय आहे हे परीक्षार्थीला ठाऊक नाही, बस्स एवढाच. सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला २४ जण पास झाले. नंतर उघड झालं की एका मास्टरनेच चवीच्या भागाची माहिती आधी फोडली होती. कोर्टाने २३ जणांचे निकाल रद्द केले. एकाचा टिकला, कारण त्याने चवीचा भाग आदल्या वर्षीच पास केला होता. बाकीच्यांना शुल्क परत आणि पुन्हा परीक्षेची संधी. कोणी माहिती पाहिली, कोणी नाही, असा भेद केला नाही.

मला विचाराल तर कोर्टापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण दुखणं जुनं होतं: शिकवणारे तेच, तपासणारे तेच, नोकरीसाठी शब्द टाकणारेही तेच. २०२० साली २१ महिलांनी न्यूयॉर्क टाइम्सकडे मास्टर मंडळींच्या लैंगिक छळाबद्दल तोंड उघडलं. इतकी वर्षं त्या गप्प का होत्या, असं तेव्हा काहींनी विचारलं. अहो, बिल्ला कोणाच्या हातात होता?