दोन घास कमी

घरात नवा मोबाइल आला, की त्याच्या पाठोपाठ उपदेशही येतात. पहिल्या दिवशी आठ तास चार्जिंगला लावा, मध्येच काढू नका, पार संपल्याखेरीज पुन्हा लावू नका. हे सांगणारे काका-मामा थापा मारीत नसतात. त्यांचे शास्त्र खरेच असते. मात्र ते दुसऱ्याच बॅटरीचे असते.

पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी केली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले, एवढाच तिचा संसार. मोटारीत आणि कित्येक घरांतल्या इन्व्हर्टरखाली तिचेच वंशज अजून नांदत आहेत. हिला कायम भरल्या पोटी ठेवावे लागते. रिकामी पडून राहिली की पत्र्यांवर स्फटिकांचे कठीण किटण चढते. पुढे १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची बॅटरी काढली. तिचा स्वभाव नेमका उलटा! रोज थोडी वापरून थोडीच भरली, तर तिला तेवढ्याचीच सवय लागे. म्हणून अधूनमधून ती पार रिकामी करावी, असे सांगत. विसाव्या शतकाच्या अखेरीचे कितीतरी व्हिडिओ कॅमेरे तिच्यावर चालत, आणि काकांचा मंत्र तिथलाच.

लिथियमचे घराणे निराळे. १८१७ साली स्टॉकहोममध्ये, बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत, आर्फवेडसन या तरुणाला एका खनिजात हे मूलद्रव्य सापडले आणि ग्रीक भाषेतले दगडाचे नाव त्याला मिळाले. नाव दगडाचे, पण धातू इतका हलका की रॉकेलवरही तरंगतो. हलका आणि तितकाच उतावळा. त्याला बॅटरीत नांदवण्याचा मोठा प्रयत्न १९७० नंतर अमेरिकेत एक्सॉन कंपनीत झाला. (तेलाच्या कंपनीने तेलाला पर्याय शोधावा, हीही एक गंमतच!) तेथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटेनियम डायसल्फाइड हा थरांचा पदार्थ घेतला. पुस्तकाच्या पानांत मोरपीस सरकवावे तसे लिथियमचे कण त्या थरांत शिरत आणि पान न फाडता बाहेर पडत. दुसऱ्या बाजूला मात्र नुसता धातू होता. भरताना त्याच्यावर सुईसारखे तंतू उगवत, आणि ते पलीकडे टेकले की आग! अग्निशामक दलाला प्रयोगशाळेत इतक्यांदा धावावे लागले, की आग विझवण्याच्या खास रसायनांचे पैसे भरा, असा दम त्यांनी दिला.

१९८० साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे थर वापरून ४ व्होल्ट मिळवले. आणि १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी तो दांडगा धातूच घराबाहेर काढला; त्याच्या जागी कार्बन बसवला. आता दोन्हीकडे पुस्तकेच. भरताना मोरपीस एकातून दुसऱ्यात जाते, वापरताना परत येते. योशिनो यांनी अशा बॅटरीवर लोखंडी वजन टाकून पाहिले. ती पेटली नाही. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली.

हा इतिहास कळला, की निगा आपोआप कळते. ती पहिली आठ तासांची भरणी हवी कशाला? कारखान्यातल्या पहिल्या भरणीतच कार्बनवर एक पातळ रक्षक पापुद्रा धरतो; म्हणजे बारसे तिथेच उरकलेले असते. साध्या घटात दाब ४.२ व्होल्टच्या आसपास पोचला, की चार्जर तो तसाच धरून प्रवाह कमी कमी करीत नेतो. शेवटचे थोडे टक्के रेंगाळतात ते यामुळे. एवढ्या दाबाखाली तासन् तास राहिली तर आतले द्रावण हळूहळू बिघडते, आणि उलट पार उपाशी ठेवली तर आतला तांब्याचा वर्ख विरघळू लागतो. म्हणून वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवावी. प्रवासाच्या दिवशी शंभर केल्याने आभाळ कोसळत नाही. फार दिवस वापरायची नसेल, तर अर्धी भरून थंड जागी ठेवावी.

शून्य अंशाखालच्या थंडीत भरली तर लिथियम कार्बनमध्ये शिरण्याऐवजी वर धातू होऊन बसतो आणि ते जुने तंतू पुन्हा डोके काढतात. आपल्याकडे ही पाळी क्वचितच. आपला वैरी उकाडा. रात्री उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन किंवा वैशाखात बंद मोटारीत राहिलेला फोन, यांचे आयुष्य झपाट्याने घटते. आणि फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, भरू तर मुळीच नये. ती जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्यावी.

व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. जून २०२३ मध्ये, १०१ वा वाढदिवस महिन्यावर आला असताना, ते वारले. नव्वदी उलटल्यावरही टेक्सासच्या प्रयोगशाळेत त्यांचे काम चालूच होते. द्रावणाऐवजी काचेसारखा घन पदार्थ घालून, योशिनोंनी बाहेर काढलेल्या त्या उतावळ्या धातूलाच पुन्हा घरात घेता येईल का, हे ते पाहात होते.