भारतीय चलनातील सुवर्ण परिमाणाचा वाद

रुपयाचे मूल्य सोन्याशी कोणत्या पद्धतीने जोडावे, याविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेला हा अर्थशास्त्रीय वाद होय.

पार्श्वभूमी

इ.स. १८९३ पर्यंत कोणासही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. चांदीचा भाव घसरल्याने सरकारने त्या वर्षी ही मुभा बंद केली. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स राखण्यात आला. देशात रुपये व नोटा चालत. परदेशी देण्यांसाठी लंडनमध्ये निधी ठेवला जाई. या व्यवस्थेस ‘सुवर्ण विनिमय परिमाण’ म्हणतात.

मतभेद

जॉन मेनार्ड केन्स यांनी ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ (१९१३) या ग्रंथात तिचे समर्थन केले. सोन्याची नाणी व्यवहारात आणणे त्यांना अनावश्यक वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात तिच्यावर टीका केली. रुपये पाडण्यावर मर्यादा नसल्याने किमती वाढतात. मजुरी त्या प्रमाणात वाढत नाही आणि झळ श्रमिकांस बसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नवे रुपये पाडणे थांबवून सोन्याचे चलन सुरू करावे, असे त्यांनी सुचविले.

परिणती

आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, परंतु सुवर्ण नाण्यांची सूचना स्वीकारली नाही. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडल्यावर रुपया स्टर्लिंगशीच निगडित राहिला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेवर नोटांच्या तारणात किमान ४० कोटी रुपयांचे सोने ठेवण्याचे बंधन होते. अशा रीतीने सोने नाण्यांच्या रूपाने चलनात न येता राखीव निधीतच राहिले.