मु. पो. वळिवडे, ता. करवीर

आबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांखाली सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. आम्हा नातवंडांना वाटायचं, नोटा असतील. निघाल्या जकातीच्या पावत्या. आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, वळिवड्याहून बैलगाडी जुंपून कोल्हापूरला यायचे. कधी शेंगांची पोती, कधी तुपाचा डबा. नाक्यावर गाडी थांबायची, नाकेदार आत डोकावायचा, पावती फाडायचा. आबांच्या लेखी कोल्हापूर तिथून सुरू व्हायचं. गंगावेश, रंकाळावेश ही नावं शहरानं जपली, वेशी मात्र कधीच पडल्या. आबा 'वेस' म्हणायचेच नाहीत, 'नाका' म्हणायचे. "नाक्याच्या आत त्यांचं, भाईर आपलं."

पावत्या कशाला जपल्यात, असं एकदा विचारलं. म्हणाले, "उद्या कोण म्हणालं, तुमी फुकट आत आलाय, तर दावायला!"

तेव्हा आम्ही हसलो होतो.

आबांचा एक लाडका सिद्धांत होता. कोल्हापूर हे शहरच नव्हे, चार-सहा खेड्यांनी एकत्र येऊन घातलेलं सोंग आहे. यात त्यांच्या पदरचं फारसं काही नव्हतं. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, पद्माळा, रावणेश्वर, केशापूर अशा जुन्या वस्त्या मिळून गाव झालं, असं इतिहासही सांगतो. 12 ऑक्टोबर 1854 ला नगरपालिका झाली, 15 डिसेंबर 1972 ला महानगरपालिका. मधल्या काळात शाहूपुरी, राजारामपुरी अशा 'पुऱ्या' वसल्या, पण पेठांची आणि तालमींची ईर्ष्या काही विझली नाही. कसबा बावड्यात दिलेली माझी मावशी महानगरपालिकेला घरपट्टी भरते आणि बाजाराला निघताना शेजारणीला सांगते, "जरा कोल्हापूरला जाऊन येते." एकदा आत घेतलेलं गावही मनानं आत यायला किती पिढ्या घेतं, ते मावशीकडं बघून कळतं.

आज्जीची गोष्ट वेगळी. तिच्या गोष्टीत वळिवड्याला लागून आणखी एक गाव होतं, आणि ते गाव एकदा नव्हे, दोनदा वसलं. 1943 साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, पोलंडची माणसं आगगाडीनं इथं आली. रशियातल्या हद्दपारीतून सुटलेली, इराणमार्गे आलेली, बहुतेक बायका आणि पोरं. जवळपास पाच हजार. त्यांच्यासाठी बराकी उठल्या. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचं थेटर, सगळं त्यांचं त्यांना. आज्जी तेव्हा परकरी पोर. आईबरोबर अंडी आणि ताक घेऊन छावणीकडं जायची. "त्या बाया रडत्याल्या बी आणि गात्याल्या बी," एवढंच सांगायची. पण एक वाक्य हमखास यायचं: "त्येंचं त्येनी सगळं केलं गं. आमच्या गावात आली, पण आमच्या गावाला काय मागितलं न्हाई." आज्जीच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नव्हती.

1948 पर्यंत ती माणसं पांगली. रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. काही उद्ध्वस्त लोकांनी मोडलेला संसार दुसऱ्या उद्ध्वस्त लोकांनी उचलला. वस्तीचं नाव पडलं गांधीनगर. आज पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात, सीमेपलीकडच्या कर्नाटकात लग्न ठरलं, की बस्ता बांधायला माणसं गांधीनगरला येतात. कापडाचे गठ्ठे, टेम्पो, अडकलेल्या गाड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या वऱ्हाडाच्या बायका. जनगणनेच्या हिशेबात हे 'नगर', कारभारात ग्रामपंचायत. शहराइतकी उलाढाल आणि खेड्याइतकी गटारं, अशी ही गंमत आहे. रोज त्यातून जाणाऱ्याला ती गंमत वाटत नाही.

थोरले मामा आबांचा गठ्ठा आणि आबांचा स्वभाव दोन्ही घेऊन बसले आहेत. हद्दवाढीचा विषय निघाला की त्यांना चहा लागतो. कोल्हापूर महानगरपालिकेचं क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर. 1972 पासून ते इंचभरही वाढलं नाही, आणि शहरातल्या माणसाला हे लाजिरवाणं वाटतं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. घरं बांधायला जागा नाही, म्हणून माणसं उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याकडं सरकली. सकाळी शहरात कामाला, रात्री गावात झोपायला. म्हणून हद्दवाढ कृती समिती म्हणते: केएमटीची बस आमची, रस्ते आमचे, दवाखाने आमचे, मग कर तेवढा गावचा कसा? गावं म्हणतात: आहे त्या शहराला आधी नीट पाणी द्या, मग आमच्याकडं बघा. एकीकडं धरणं, मोर्चे. दुसरीकडं ग्रामसभांचे ठराव आणि कडकडीत बंद. प्रस्ताव अनेकदा गेले आणि अडकले. शेवटी 2017 साली हद्दवाढीऐवजी 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. मामा त्याला म्हणतात, "दोन घरचा पाहुणा."

उपाशी, हे पुढचं आपण म्हणायचं.

मग त्यांची तिसरी वाट सुरू होते. "महापालिका नको, ग्रामपंचायत पुरत न्हाई. मग आपली येगळी नगरपालिका का नको? उचगाव, गांधीनगर, वळिवडं. बसतंय की सगळं!" कायदा त्यांना वकिलासारखा पाठ आहे. 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम. पंचवीस हजारांवर वस्ती हवी, शेती सोडून इतर धंद्यांत पस्तीस टक्के माणसं हवीत. आधी उद्घोषणा, तीस दिवस हरकती, मग निर्णय. आणि दाखल्याला हुपरी. चांदीच्या दागिन्यांनी नाव कमावलेलं ते गाव, तिथं 2017 च्या डिसेंबरात नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली. इचलकरंजी तर 2022 मध्ये महानगरपालिकाच झाली. "जिल्ह्यात सगळ्यांची लगीन झाली," मामा म्हणतात, "आमीच मांडवात बसलोय."

माझा मामेभाऊ पुण्याजवळ फुरसुंगीत असतो. पुण्याचा कचरा ज्या डेपोत वर्षानुवर्षं गेला, त्याच्या वाऱ्याला राहणारा. 2017 साली त्याचं गाव पुणे महापालिकेत गेलं, मग लोक म्हणाले, आम्हाला बाहेर काढा, आणि 2024 मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी वेगळी नगरपरिषद झालीसुद्धा. कल्याण-डोंबिवलीची 27 गावं तर आत, बाहेर, पुन्हा आत अशी फिरली. त्यातल्या 18 गावांची वेगळी नगरपरिषद 2020 मध्ये काढायचं ठरलं, ते उच्च न्यायालयात अडलं. मामेभाऊ फोनवर वडिलांना सांगतो, "आबांचा नाका इकडं पण आहे, फक्त कुठं ते दर वर्षी बदलतं."

मी राजारामपुरीत राहतो, घरपट्टी भरतो, त्यामुळं मामांच्या लेखी मी फितूर. पण त्यांचं सगळं मला पटत नाही. गावात गुंठे पाडून विकले ते शहरातल्या माणसांनी एकट्यांनी नाही. अग्निशमनाचा बंब वळू शकणार नाही अशा बोळात तीन मजली घरं चढली, तेव्हा कुणाच्या ग्रामसभेनं हरकत घेतली? वेगळी नगरपालिका झाली म्हणून बोळ रुंद होत नाही. पाणीपट्टी तर वाढतेच, आपली माणसं कर गोळा करायला आली की नुसती ओरडायची सोय जाते.

तरी मामांचं दुखणं कराचं नाही, हे मला उशिरा कळलं. सरपंचाच्या दारात ते सकाळी चपला न काढता जातात, "अरं, नळाला पाणी का न्हाई?" म्हणून विचारतात, आणि सरपंच चहा पाजून उत्तर देतो. शहराच्या कचेरीत त्यांना टोकन घेऊन बाकावर बसावं लागलं असतं, आणि नंबर आला की आडनावानं नव्हे, आकड्यानं हाक आली असती. नगरपालिका त्यांना हवी ती मोठं होण्यासाठी. दार मात्र ओळखीचंच हवं.

मागच्या महिन्यात धाकट्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. बस्ता अर्थातच गांधीनगरला. पत्रिकेचं प्रूफ आलं, त्यात माझ्या भाच्यानं पाहुण्यांच्या सोयीसाठी पत्ता घातला होता: 'गांधीनगर, कोल्हापूर'. मामांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं, ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: मु. पो. वळिवडे, ता. करवीर, जि. कोल्हापूर. भाचा कुरकुरला, "मोबाईलच्या नकाशात सापडत न्हाई ओ, आज्जा." मामा म्हणाले, "ज्येला यायचंय त्यो येतोय."

मग माझ्याकडं वळले. निमंत्रकांत माझंही नाव होतं, पुढं पत्त्याची जागा रिकामी.

"तुझं काय घालू?"

"राजारामपुरी घाला."

"म्हंजे नाक्याच्या आत," असं म्हणत त्यांनी लिहायला घेतलं.